साताऱ्यात फोमच्या तलवारी: तीन हंगाम, अकरा भिडू, एक पान नियम

माळावरचा | रविवार, रात्री ११:४०

मंडळी,

हायवे सोडून लिंबकडं वळलात आणि रविवारी सकाळी एका मुरमाड माळावर दहा-बारा बाप्ये-बाया रंगीत तलवारी घेऊन एकमेकांच्या मागं पळताना दिसल्या, तर ते आम्ही. पोलिसांना फोन करू नका. त्यांना माहीत आहे.

मागं एका धाग्यात मी या खेळाचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा चार-पाच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून 'हे चालवता कसं' असं विचारलं. दिवाळीनंतर आमचा चौथा हंगाम सुरू होईल, त्याआधी एकदा लिहून टाकतो. यश कमी आणि फजिती जास्त, हे आधीच सांगतो.

इंग्रजीत याला लार्प म्हणतात. प्रत्येकाला एक सोंग असतं, त्या सोंगात राहून गोष्ट पुढं न्यायची, आणि मारामारीची वेळ आली की ती खरंच करायची, फक्त हत्यार फोमचं. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. फासे ठेवून प्रत्यक्षच पळावं असं वाटणारे लोक मागोमाग निघाले. अमेरिकेत डॅगोरहिर हा गट १९७७ पासून आहे. इंग्लंडात चेशायरच्या पेकफर्टन किल्ल्यावर १९८२ मध्ये 'ट्रेझर ट्रॅप' सुरू झालं. आम्ही अशा तिकडच्या नियमावल्या डाउनलोड केल्या, प्रिंट काढल्या, स्पायरल मारून आणल्या. आमची पहिली चूक ती.

पहिल्या खेळाला एकोणीस लोक होते. निम्मे क्रिकेटचे, दोघे जिममधले, एक बँकेत, तीन मुली, बाकी माझे मावस-चुलत. कुणीही नियम वाचलेले नव्हते. परदेशी रिवाजानुसार कुणाला खरंच लागलं तर 'होल्ड' ओरडायचं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मी 'होल्ड' ओरडलो. क्रिकेटवाल्यांना ऐकू आलं 'बोल्ड', आणि ते हात वर करून नाचायला लागले. ज्याचा पाय मुरगळला होता तो बिचारा त्यांच्या मधोमध बसलेला.

त्या संध्याकाळी माझ्या चुलतभावाची सात वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, टॅम्प्लीस म्हणायचं ना!"

तिथून सगळं बदललं. टॅम्प्लीस म्हटलं की मूठ तोंडाशी नेऊन थांबायचं, हे महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मग आम्ही आख्खी नियमावलीच गल्लीच्या भाषेत आणली. आता ती एक पान आहे. हातावर वार बसला की तो हात पाठीमागं. पायावर बसला की गुडघ्यावर. धडावर बसला की मढं: हत्यार डोक्यावर आडवं धरून बाजूला जाऊन बसायचं. डोकं, मान आणि कमरेखालचा मधला भाग यांवर वार नाही, चुकून बसला तर धरायचा नाही आणि मारणाऱ्यानं आधी विचारपूस करायची. नवीन आलेला पहिल्या खेळात लिंबूटिंबू, म्हणजे त्याला एक जीव जास्त. वार बसूनही कबूल न करणं हा रडीचा डाव.

आणि राज्य. छोट्या गटाचं सगळ्यात मोठं दुखणं काय, तर सगळ्यांना वीर व्हायचं असतं, राक्षस कुणालाच नको. मोठ्या गटांत शंभर माणसं असतात, त्यातून वीस राक्षस मिळतात. अकरा माणसांत कोण आपला रविवार मार खाण्यात घालवणार? पहिल्या हंगामात मी आणि माझा भाऊ दोघंच कायम राक्षस. तिसऱ्या महिन्यात भाऊ म्हणाला, "दादा, मला आता ऑफिसमधेपण मार खाल्ल्यासारखं वाटतंय." मग ठरलं: राज्य आळीपाळीनं. प्रत्येक खेळात चौघांवर राज्य, त्यांनीच सगळे राक्षस करायचे, मेलं की झाडामागं जाऊन पाच मिनिटांनी दुसरा होऊन यायचं. लपाछपीत राज्य चुकवलं तर पोरं ऐकून घेत नाहीत, इथंही तसंच. गंमत म्हणजे आता दोघं-तिघं आपणहून राज्य मागून घेतात. वीराला एकच मरण येतं, राज्यवाल्याला एका सकाळीत आठ येतात, आणि नाटकी मरण्यात जी मजा आहे ती मारण्यात नाही.

हत्यारांबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होती.

आतला दांडा अर्धा इंची पीव्हीसीचा, नळाचा. वायरिंगचा पाइप घेऊ नका, तो पातळ असतो, तडकला की त्याची चीप सुरीसारखी निघते. नळाचा पाइपही उन्हात पडून राहिला की ठिसूळ होतो, म्हणून गच्चीवरच्या जुन्या पाइपाचा मोह नको. पाइपाच्या दोन्ही तोंडांना टोपण बसवायचंच. त्यावर एसी बसवणारे तांब्याच्या नळीवर घालतात ती काळी रबरी फोमची नळी, आणि तिच्यावर पांढऱ्या पॅकिंग फोमचे दोन थर. हा फोम इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या मागं मिळतो. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतला असतो, मागितला तर फुकट देतात. चिकटवायला चपला-फर्निचरवाले वापरतात तो डिंक. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा, बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं. आम्ही पहिल्यांदा ओलाच जोडला आणि लढाईत माझ्या तलवारीची साल केळ्यासारखी निघाली.

टोकाला पाइपाच्या पुढं किमान तीन इंच फोम हवा. खेळून खेळून पाइप आतून फोम कुरतडत पुढं येतो, बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक खेळाआधी प्रत्येक टोक अंगठ्यानं दाबून बघायचं, आत कडक लागलं तर ती तलवार त्या दिवशी बाद. ज्या हत्यारानं भोसकायचं त्याचं टोक रुंद पाहिजे, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत जाणार नाही. अडीच इंची भोकातून अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत जाता कामा नये, असा नियम तिकडच्या काही गटांत आहे. आम्ही त्यासाठी पुठ्ठा कापत बसायचो, मग आमच्यातल्या एकीनं घरून बांगडी आणली. दोन-आठच्या मापाची बांगडी आतून बरोबर अडीच इंच भरते! आता खेळाआधी सगळे भाले-तलवारी रांगेत लावतो आणि एकेक टोक बांगडीत घालून बघतो. बघणाऱ्याला वाटतं हत्यारांचं लग्न लावतोय.

वरून डक्ट टेप गुंडाळू नका. टेपनं फोम आखडतो आणि वार चापटीसारखा झोंबतो. जुन्या लेगिंग्जचा एक पाय कापून चढवा. माप असं बसतं की जणू त्यासाठीच शिवलीय. एका लेगिंग्जमध्ये दोन तलवारी. रंग मिळतील ते. आमच्या सेनापतीची तलवार गुलाबी आहे.

आता कडू भाग. पहिल्या वर्षीचे एकोणीस आज अकरा आहेत. काही नोकरीनं पुण्याला गेले, त्याला इलाज नाही. पण पाच जण एकाच दिवशी गेले, आणि ते वार लागला की नाही यावरून. या खेळात पंच असला तरी तो सगळीकडं बघू शकत नाही. वार लागला हे ज्याला लागला त्यानं सांगायचं, यावर सगळा डोलारा. आमच्यातला सगळ्यात चपळ गडी पाठीवर तीन वार घेऊन पळत राहिला आणि वर हसला. मी सगळ्यांसमोर 'रडीचा डाव' म्हणालो. तो तलवार टाकून निघाला, त्याच्यामागं चौघं. माझं चुकलं का? अजून ठरत नाही. इथं लिहिण्याचं निम्मं कारण तेच आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं?

---

पेढेघाटी | सोमवार, सकाळी ८:१२

वाचनखूण साठवली. 'हत्यारांचं लग्न' वाचून चहा सांडला. पण एक शंका: हे म्हणजे मोठ्या माणसांचं चोर-पोलीसच ना? त्याला एवढं तत्त्वज्ञान कशाला?

---

माळावरचा | सोमवार, सकाळी ८:५०

चोर-पोलीसच. फक्त चोराला घरी ईएमआय आहे.

---

शंकासूर | सोमवार, सकाळी ९:३०

भावा, कायद्याचं काय? माझा मित्र शिवजयंतीला लाकडी तलवार घेऊन निघाला होता, त्याला चौकात अडवून तासभर बसवलेलं. आणि किल्ल्यावर का खेळत नाही? अजिंक्यताऱ्यावर काय दिसेल ते!

---

जुना_कारकून | सोमवार, सकाळी ११:०५

निवृत्त आहे, पण चाळीस वर्षं असलेच कागद हाताळले, म्हणून दोन शब्द. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, शेती-घरगुती वापराची सोडून. फोमला धार नाही, तो विषय तिथं संपला. खरी अडचण दुसरीकडं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ बघा. सणवार, निवडणुका, आंदोलनं आली की जिल्ह्यात ३७ (१) आणि (३) खाली मनाई आदेश निघतो. पहिल्यात तलवारी, भाले, लाठ्या आणि 'शारीरिक इजा करता येईल अशी वस्तू' बाळगायला बंदी. दुसऱ्यात पाच किंवा अधिक लोकांच्या जमावाला. तुमच्याकडं दोन्ही आहे! बंदोबस्तावरचा शिपाई लांबून तलवार बघतो, ती फोमची आहे हे त्यानं कसं ओळखायचं?

आदेश चालू आहे का हे खेळाच्या आठवड्यात विचारून घ्या. लेखी अर्ज द्या, सोबत हत्यारांचे फोटो जोडा, जागामालकाचं संमतिपत्र जोडा, आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची.

---

माळावरचा | सोमवार, दुपारी १:२०

काका, साष्टांग. आम्ही अर्ज देतोच, फोटो जोडायचं मात्र सुचलं नव्हतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नमुना म्हणून एक तलवार पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी उचलली, वाकवून बघितली, आणि शेजारच्या हवालदारांच्या पाठीत हळूच एक ठेवून दिली. काम झालं.

नेताना मात्र उघड्यावर न्यायच्या नाहीत. सगळं क्रिकेटच्या किटबॅगेत. एक जण बाइकवर पाठीला भाला बांधून राजवाड्यावरून आला होता, त्याला मी आल्या पावली परत पाठवलं.

शंकासूर, किल्ल्यावर नाही म्हणजे नाही. एक तर सकाळी निम्मा सातारा तिथं फिरायला असतो, म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर कुणी धावत गेलं म्हणजे? दुसरं, कडा आणि सुटे दगड. मागं बघत पळणाऱ्यांचा हा खेळ आहे. आणि तिसरं, त्या जागेवर खरी माणसं खरी लढली. तिथं गुलाबी तलवार घेऊन 'मेलो मेलो' करत लोळणं मला स्वतःला जमणार नाही. कासलाही नाही, कुणी विचारायच्या आधीच सांगतो. सड्यावर कातळावर वीतभरसुद्धा माती नसते, त्यातच ती फुलं येतात. अकरा जोडी बूट तिथं नाचवायचे नाहीत.

---

गदगाफरी | सोमवार, रात्री ९:४५

मी मर्दानी खेळ शिकवतो. धागा वाचून आधी राग आला, मग थांबून परत वाचला.

तुम्ही ज्याला नवीन समजता ते आपल्याकडं होतंच. फरी-गदगा म्हणजे काय? हातात छोटी ढाल आणि कातड्यात मढवलेली सरावाची काठी. जीव न घेता वार करायचा आणि अडवायचा. तुमचा फोम म्हणजे त्या कातड्याचा नातू. तेव्हा नाकं मुरडणाऱ्या आमच्या लोकांनाही हे सांगतो.

पण तीन गोष्टी ऐका. एक, वार खांद्यातून येऊ देऊ नका. जिमवाले खांद्यातून मारतात, म्हणून लागतं. मनगटातून मारा आणि टेकताच मागं ओढा. आमच्याकडं पहिला महिना नुसता पवित्रा करून घेतो, पोरं कंटाळतात, पण नंतर पाय मुरगळत नाहीत. दोन, दांडपट्टा फोमचा करायच्या भानगडीत पडू नका. राज्य शासनानं २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्र जाहीर केल्यापासून ज्याला त्याला तो हवाय. पट्ट्याचं पातं लवतं, मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्याचा सगळा डाव त्या लवण्यात आहे. फोममध्ये एक तर तो सोट्यासारखा ताठ होईल, नाही तर चाबकासारखा टोकाला फटकेल, आणि तो फटका डोळ्यावर बसेल. तीन, सुरुवातीला आणि शेवटी सलामी करा. भांडण झालं असेल तर समोरासमोर उभं राहून सलामी करताना ते निम्मं उतरतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चारचौघांत बोललात ते चुकलं. वस्ताद पोराला बाजूला घेऊन झापतो.

---

माळावरचा | सोमवार, रात्री १०:३०

वस्ताद, दांडपट्ट्याचं खरंय. आम्ही एक केला होता. पहिल्याच फटक्यात माझा चष्मा गेला. त्यानंतर सगळ्यांना दोरीचा चष्मा किंवा गॉगल सक्तीचा.

एकदा माळावर याल का? पवित्र्यासाठी. चहा-पोहे आमच्याकडं.

---

तळ्याकाठचा_मुंजा | मंगळवार, सकाळी ७:५५

गोष्टी कुठल्या घेता? गोरे जादूगार, लांब कानांचे वनवासी, तेच का?

---

माळावरचा | मंगळवार, सकाळी ९:१०

पहिल्या वर्षी तेच होतं. लांब कान पुठ्ठ्याचे, घामानं भिजून दुपारपर्यंत लोंबायचे. मग म्हटलं आपल्याकडं काय कमी आहे? खवीस, हडळ, गिऱ्हा, वेताळ, आसरा, चकवा. एका खेळात वेताळाची पालखी माळावरून जाते आणि वीरांनी ती अडवायची, असं लिहिलं. तेव्हा आमच्यातलाच एक शांतपणे म्हणाला, "आमच्या गावात वेताळाला नारळ फोडतात. मी त्याच्यावर तलवार नाही चालवणार." एक जण हसला, पण मला ते पटलं. आसरांचंही तसंच, विहिरीवर, नदीवर त्यांची पूजा होते. ज्याला कुणी हात जोडतं त्याला खेळात मारायचं नाही, असं तेव्हापासून ठरलं. इतिहासातली माणसंही नाहीत, त्यावर तर बोलायलाच नको. राहिले खवीस, गिऱ्हा आणि चकवा. बाकीचे आम्ही नावासकट नवीन तयार करतो.

चकवा सगळ्यांचा लाडका. त्याच्याकडं हत्यार नसतं, नुसता स्पर्श. चकवा लागला की माणूस त्याच जागी घुटमळत राहतो ना? माझी आजी सांगायची, खाली बसावं, पायातलं काढावं, परत घालावं, मग वाट सापडते. तोच नियम केला. बसायचं, दोन्ही बूट काढायचे, परत घालून लेस बांधायच्या, मगच उठायचं. भर लढाईत मोठमोठे वीर बूट बांधत बसलेले, हे दृश्य बघण्यासारखं असतं. पण माणूस लबाड. तिसऱ्या खेळापासून निम्मे सँडल घालून यायला लागले. आता नियम आहे: लेसचे बूट नसतील तर वीर होता येणार नाही, त्या दिवशी राज्य.

---

काकी_सदरबझार | मंगळवार, दुपारी ३:२५

माझी मुलगी तुमच्यात खेळते, ती कोण हे सांगत नाही. सुरुवातीला मला अजिबात पसंत नव्हतं. पंचवीस वर्षांची मुलगी तोंडाला काजळ फासून 'गिऱ्हा झालेय' म्हणते, म्हटलं कुणी स्थळ सांगून आलं तर काय दाखवू? एकदा डबा द्यायच्या निमित्तानं बघायला आले. तिघा दांडग्या मुलांना तिनं झाडाभोवती फिरवून फिरवून मारलं आणि तिघंही मुकाट्यानं मढी होऊन बसली. घरी मी काही बोलले नाही.

पण दोन तक्रारी आहेत. एक, कुसळं. दिवाळीनंतर त्या माळावर एवढं कुसळी गवत असतं की मोजे, सलवारी, ओढण्या सगळ्यांत टोचून बसतं. मशीनमध्ये घातलं की ते घरभर होतं, माझ्या बनियनमध्येसुद्धा निघालं. खेळाच्या आधी तेवढा पट्टा कापून घ्या ना. दुसरं, प्यायचं पाणी कमी असतं. अकरा जणांना दोन बाटल्या?

---

माळावरचा | मंगळवार, दुपारी ४:००

काकी, दोन्ही मान्य. गवत मामांना सांगून दसऱ्यानंतर कापून घेतो, त्यांच्या म्हशींनाही होईल. पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवू. आणि तुमची मुलगी कोण ते मला आता कळलं.

---

हळदबाजार | मंगळवार, रात्री ८:१५

सांगलीतून लिहितोय. आम्ही चौघंच आहोत, इंजिनीअरिंगचे. चौघांत काही होऊ शकतं का, का आधी वीस जण जमवू? जागा म्हणून एकाच्या वडिलांचं नदीकडचं रान आहे.

---

माळावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

वीस जमवत बसू नका. वीस जमतात, आणि तिसऱ्या रविवारी सात येतात, मग त्या सातांना वाटतं खेळ मेला. चौघांचा खेळ चौघांसाठीच लिहा. तिघं वीर, एकावर राज्य. तो एक जण तास-दीड तासात एकामागून एक पाच सोंगं घेतो: वाट अडवणारा, खोटं सांगणारा, चकवा, जखमी वाटसरू, शेवटी खवीस. पाचांपैकी दोघांशीच लढाई, बाकीच्यांशी बोलणी. चार माणसांत नुसती लढाई दहा मिनिटांत संपते, पण एखादा खोटं बोलतोय का हे ओळखण्यात अर्धा तास सहज जातो. आमचा सगळ्यात चांगला खेळ पाच जणांचा होता, पावसानं बाकीचे आले नव्हते.

नदीकडची काळी रानं मात्र नकोत. पावसाळ्यात चिखल बूट ओढून घेतो, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाऊल गेलं की घोटा गेलाच. नांगरलेलं असेल तर ढेकळं. एखाद्या शाळेचं मैदान रविवारी मागा, किंवा शहराबाहेर मुरमाची जागा बघा. सोबत क्रेप बँडेज, बर्फ आणि गाडी चालवता येणारा एक न खेळणारा माणूस. हा शेवटचा सगळ्यात अवघड. अठराच्या खालचं कुणी घेणार असाल तर आई-बाबांशी स्वतः बोला, चिठ्ठीवर भागवू नका.

पहिल्या दिवशी एकच तलवार करा. ती एकमेकांना मारून बघा, सगळ्यात नाजूक माणसाच्या उघड्या दंडावर. तो म्हणाला ठीक, तर बाकीच्या करा.

---

पाचांतला_एक | मंगळवार, रात्री ११:५०

राहवलं नाही म्हणून खातं काढलं. त्या दिवशी निघून गेलेल्या पाचांतला मी एक. तो चपळ गडी नव्हे, त्याच्यामागून गेलेला.

दादा, तुम्ही लिहिलंय की तो तीन वार घेऊन हसला. त्या दिवशी डिसेंबर होता, सकाळचे सात, त्यानं आत स्वेटर आणि वर जाड जॅकेट घातलेलं. तुमची तलवार दीड पावाची. पळताना पाठीवर टेकलेलं त्याला खरंच कळलं नसेल. तो हसला कारण त्याला वाटलं तो निसटला. तुम्ही एकदम रडी म्हणालात, आणि त्याची बायको बघायला आली होती ती तिथंच उभी होती. हे तुम्हाला माहीत होतं का?

आणि खरं सांगायचं तर तुमच्या भावाचा वार कुणी कबूल केला नाही की तुम्ही लगेच बोलायचात. तुमचा भाऊ कबूल करायचा नाही तेव्हा तुम्ही दुसरीकडं बघायचात. आम्ही मोजलं होतं.

---

माळावरचा | बुधवार, रात्री १२:४०

बायको आली होती हे माहीत नव्हतं.

भावाचं बरोबर आहे. तेव्हा दिसलं नाही, नंतर दिसलं. म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी पंच नाही. ज्यांच्यावर राज्य असतं त्यांच्यातला एक पंच असतो.

जॅकेटचंही आम्हाला उशिरा कळलं. आता वरचा कपडा एकच, थंडी वाजली तर पळा. आणि मारणाऱ्यानं वार करताना जागा ओरडायची: "हात!", "पाठ!". पाठीवर काय झालं हे ज्याला डोळे पाठीला नाहीत त्याला ऐकू तरी येतं. त्यानं शंका घेतली तर वाद नाही, दोघंही मढी. याचा फायदा घेणारे निघतील असं वाटलं होतं, अजून तरी निघाले नाहीत.

त्याचा नंबर माझ्याकडं आहे. तीन वर्षांत लावला नाही. तू सांगशील का त्याला, की मी फोन करणार आहे?

---

पाचांतला_एक | बुधवार, सकाळी ७:१०

सांगतो. उचलेल का ते माहीत नाही. तो आता कराडला असतो.

---

गदगाफरी | बुधवार, सकाळी ८:००

फोन नको. जाऊन ये. तासाभराचा रस्ता आहे.

---

पेढेघाटी | बुधवार, सकाळी ९:२०

मी पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, ते खाली ठेवलं. माळावरचे, दिवाळीनंतरचा पहिला खेळ कधी? लिंबूटिंबू म्हणून एक जागा धरा. वय ४७, गुडघा एक बरा आहे.

---

माळावरचा | बुधवार, सकाळी १०:०५

भाऊबीज झाल्यावरचा रविवार, सकाळी साडेसहाला लिंब फाट्यावर. लेसचे बूट, पूर्ण बाह्यांचा एक जुना शर्ट, चष्मा असेल तर दोरी, स्वतःची पाण्याची बाटली. तलवार आमच्याकडची मिळेल. बऱ्या गुडघ्यावर वार घ्या म्हणजे त्यावर बसता येईल.

---

काकी_सदरबझार | बुधवार, सकाळी ११:३०

एक राहिलंच विचारायचं. तुम्ही वर जी अडीचच्या मापाची बांगडी लिहिली आहे, ती लाखेची, हिरवी, कडेला बारीक खडे असलेली आहे का?

---

माळावरचा | बुधवार, सकाळी ११:४५

...हो.

---

काकी_सदरबझार | बुधवार, सकाळी ११:४७

जोडी आहे ती. दीड वर्ष शोधतेय. मी कामवाल्या बाईंना दोनदा विचारलं हो, लाज वाटतेय आता.

---

माळावरचा | बुधवार, दुपारी १२:०२

रविवारी डब्याच्या वेळी परत देतो काकी. दोन खडे पडलेत.